शुद्ध गणित : डोकेदुखी नव्हे, डोक्याची मौज!

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की मंडळी लगेच पांगत नाहीत. कोपऱ्यावरच्या टपरीवरून चहा येतो आणि अर्धा-पाऊण तास गप्पा रंगतात. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाच्या मुलीचे कुठे जमले, कुणाच्या खोलीचे काम अडले, सारे विषय तिथे निघतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी विषय निघाला तो माझ्या भाचीचा. ती बी.एस्सी. झाली आणि एम.एस्सी.ला तिने शुद्ध गणित घेतले.

"शुद्ध गणित? मग आम्ही शिकलो ते काय अशुद्ध होतं?" सारी हयात गिरणीत घालवलेले आमचे एक आजोबा म्हणाले. सगळे हसले. भाचीही हसली.

"तसं नाही आजोबा. पूल बांधायला, यंत्र चालवायला, हिशेब ठेवायला लागतं ते उपयोगाचं गणित. आणि उपयोग काय हे न विचारता, हे असंच का, एवढंच विचारत जायचं, ते शुद्ध गणित."

"म्हणजे बिनपगारी काम की गं!" एक मावशी म्हणाल्या. "आईनं चार घरची कामं करून शिकवलं तुला. नोकरीचं काय?"

मी गप्प होतो, कारण माझ्याही मनात तोच प्रश्न होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, पेशाने कारकून. माझे गणित म्हणजे जमा आणि खर्च. दोन्ही बाजू जुळल्या की डबा उघडायचा. न जुळल्या तर डबा तसाच घरी न्यायचा! गणितात मौज असते हे मला बेचाळीस वर्षांत कुणी सांगितले नव्हते.

भाचीने वाद घातला नाही. तिने अभ्यासिकेच्या फळ्याजवळ जाऊन खडू हातात घेतला.

सात पायऱ्यांचा खेळ

"मावशी, चार अंकी कुठलीही संख्या सांगा. फक्त चारही अंक सारखे नकोत."

मावशींनी धम्मदीक्षेचे वर्ष सांगितले, १९५६. भाची म्हणाली, "आता हेच अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा, ९६५१. मग लहानाकडून मोठ्याकडे, १५६९. मोठ्यातून लहान वजा करा." उत्तर आले ८०८२. त्याचेही तसेच करायचे. ८८२० मधून ०२८८ गेले, उरले ८५३२. पुन्हा ८५३२ मधून २३५८ गेले, उरले ६१७४.

"आता ६१७४ चं करा." ७६४१ वजा १४६७, उत्तर पुन्हा ६१७४! गाडी तिथेच थांबली.

आजोबांनी बाबासाहेबांचे जन्मवर्ष दिले, १८९१. पाचव्या पायरीला उत्तर आले ६१७४. एका पोराने महाडच्या सत्याग्रहाचे वर्ष दिले, १९२७. याला जरा वेळ लागला. ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या पायरीला पुन्हा तीच ६१७४!

विहारात एकदम शांतता पसरली. मग मागून कुणीतरी म्हणाले, "बघा! तीन, पाच, सात. ह्या वर्षांतच काहीतरी आहे. शुभ आकडे आहेत."

भाची चटकन वळली. "दादा, तुमच्या खिशात काय कागद आहे?" त्यांच्या खिशात रद्दीवाल्याची पावती निघाली, क्रमांक १००४. तिचीही वजाबाकी केली. सातव्या पायरीला ६१७४! "बघा, महाडला सात आणि रद्दीलाही सातच. आकड्यात शुभ-अशुभ काही नसतं. चारही अंक सारखे असलेल्या संख्या सोडल्या तर उरलेली प्रत्येक चार अंकी संख्या सातच्या आत इथंच येते. वजाबाकीत तीन अंकी उत्तर आलं तर पुढं शून्य लिहायला मात्र विसरायचं नाही."

मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. आजही गाडीच्या 'लकी' नंबरासाठी जादा पैसे मोजणारे, अंकशास्त्र्याकडे जाऊन नावाचे स्पेलिंग बदलून घेणारे लोक आपल्यातही आहेत. आकड्यांशी खेळणे वेगळे आणि आकड्यांना भिणे वेगळे. जो खेळतो त्याला 'का' हा प्रश्न पडतो. जो भितो तो दक्षिणा देऊन मोकळा होतो.

बरे, असे का होते? भाचीने तेही सांगितले. वजाबाकीत दोनच गोष्टींना महत्त्व असते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने गुणा आणि बेरीज करा, की वजाबाकीचे उत्तर हजर. पुढे शून्ये लिहून होणाऱ्याही धरल्या तर अशा संख्या ९,९९० आहेत, पण फरकांच्या जोड्या होतात फक्त ५४. तेवढ्या ५४ तपासल्या की ९,९९० संख्यांचा निकाल लागतो. एका संध्याकाळचे काम! याला म्हणतात सिद्धता. कुणी मोठा माणूस म्हणतो म्हणून नव्हे, तर प्रत्येक पायरी तपासून पाहिली म्हणून खरे.

देवळालीचे मास्तर

हा खेळ कुणा परदेशी पंडिताचा नाही. तो शोधून काढला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूला त्यांचा जन्म झाला. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. मुलानेही आकडे उचलले, पण भविष्य सांगण्यासाठी नव्हे, नुसत्या आनंदासाठी. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले, १९२९ साली पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तरकी केली. पदवीपुढचे शिक्षण नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. ६१७४ ची गोष्ट त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली.

आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी त्यांचे काम पोरखेळ समजून बाजूला सारले. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला देवळालीचे मास्तर कळले. १९८६ साली ते वारले. आज ६१७४ ला साऱ्या जगात 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

मास्तरांचा मिस्कीलपणा त्यांनी ठेवलेल्या नावांतही दिसतो. ११ ला ११ ने गुणले की १२१, १११ ला १११ ने गुणले की १२३२१, ११११ ला ११११ ने गुणले की १२३४३२१. अशा चढून उतरणाऱ्या संख्यांच्या कुळाला त्यांनी नाव दिले 'डेम्लो'. हे कुण्या ग्रीक पंडिताचे नाव नव्हे बरे! ते रेल्वे स्टेशनचे नाव आहे, आजची आपली डोंबिवली. सकाळच्या लोकलला लोंबकळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की आपल्या स्टेशनाच्या नावाने गणितात संख्या आहेत. आणि ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी म्हटले 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. १८ घ्या. एक आणि आठ नऊ, नवाने अठराला भाग जातो. भागाकार जुळला म्हणून आनंद होणारा माणूस किती सुखी असेल!

जयभीमचे गणित

पुढच्या रविवारी भाची आली तीच हसत. "आज विहारात आल्यापासून कुणी किती जणांशी समोरासमोर जयभीम केला, आठवून सांगा. ज्यांचा आकडा विषम आहे त्यांनी हात वर करा. किती हात वर येतील ते मला माहीत नाही, पण ते सम असतील."

आम्ही मोजले. हात आले नऊ.

"चुकलं!" आजोबांना फार आनंद झाला. "एम.एस्सी. चुकली!"

"मी चुकले असेन तर सिद्धता चुकली पाहिजे," भाची शांतपणे म्हणाली. "बघा आजोबा, जयभीम एकट्याला करता येत नाही. एक करतो, दुसरा देतो. म्हणजे प्रत्येक जयभीम दोघांच्या खात्यात जमा होतो. सगळ्यांच्या खात्यांची बेरीज केली तर ती सम यायलाच हवी. मग विषम खाती नऊ कशी असतील? कुणीतरी एक मोजायचं राहिलं आहे."

जमा-खर्चाची भाषा आल्यावर मला पटले. प्रत्येक नोंद दोन खात्यांत असते, हे तर आमचेच शास्त्र. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. कोण राहिले? सगळे तर इथेच आहेत.

तेवढ्यात दाराशी उभा असलेला, टपरीवरून चहा घेऊन आलेला तरुण म्हणाला, "मी पण पाच जणांना जयभीम केला."

दहा! हिशेब जुळला. पण कुणाला लगेच हसू आले नाही. चहा आम्ही त्याच्याच हातून घेतला होता, जयभीमही घेतला होता, फक्त मोजताना तो आमच्या ध्यानात आला नव्हता. आजोबांनी त्याला हाताला धरून आत आणले आणि सतरंजीवर बसवले. गणिताला माणूस लहान-मोठा कळत नाही. एकाला वगळले की त्याचा हिशेब चुकतो.

हंस बक्षीस!

भाचीच्या जाडजूड पुस्तकात पानोपानी एक नाव येते, 'बनाख'. मला वाटले असतील कुणी राजवाड्यातले साहेब. तिने सांगितलेली हकीगत मात्र निराळी. स्टेफान बनाख यांचा जन्म १८९२ साली पोलंडमधल्या क्राकुव शहरात झाला. आईबापांजवळ ते वाढलेच नाहीत. कपडे धुण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंच्या घरी ते लहानाचे मोठे झाले. १९१६ साली ह्यूगो स्टाइनहाउस हे गणिती संध्याकाळी बागेत फिरत असताना, बाकावर बसलेली दोन तरुण पोरे उच्च गणितातले शब्द बोलताना त्यांच्या कानावर पडली. स्टाइनहाउस थांबले आणि त्यांनी ओळख करून घेतली. त्यांतले एक होते बनाख. पदवी पुरी झालेली नव्हती, तरी १९२० मध्ये ल्वुव विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. काम पाहिले, कागद नाही.

ल्वुव तेव्हा पोलंडमध्ये होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. तिथे 'स्कॉटिश कॅफे' नावाचे एक उपाहारगृह होते. बनाख आणि मंडळी तिथे तासन्‌तास बसत आणि संगमरवरी टेबलांवरच गणिते करत. रात्री टेबले पुसली जात आणि गणितेही! शेवटी बनाख यांच्या पत्नीने एक जाड वही आणून दिली. १९३५ पासून त्या वहीत प्रश्न लिहिले जाऊ लागले आणि सोडवणाऱ्याला बक्षीसही लिहून ठेवायचे. कुणी एक कप कॉफी, कुणी बिअर. १९३६ मध्ये मझूर या गणितज्ञाने १५३ क्रमांकाचा प्रश्न लिहिला आणि बक्षीस लावले, एक जिवंत हंस!

मधे महायुद्ध झाले, १९४५ मध्ये बनाख वारले. वही मात्र टिकली. तो प्रश्न १९७२ साली स्वीडनच्या पेर एन्फ्लो या तरुणाने सोडवला. आणि छत्तीस वर्षांपूर्वी दिलेला शब्द मझूर यांनी पाळला. वॉर्सा येथे समारंभ करून एन्फ्लो यांच्या हातात खरोखरच जिवंत हंस दिला. निवडणुकीतल्या वचनांची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट ऐकून भरून येईल!

गणित्यांच्या विनोदाचा आणखी एक मासला ऐका. टोपॉलॉजी नावाची एक शाखा आहे. तिथे वस्तू रबराची समजून ताणायची, दाबायची. फाडायची नाही, चिकटवायची नाही. अशा शास्त्रज्ञाला चहाचा कप आणि मेदूवडा यांतला फरक कळत नाही, असे म्हणतात. कपाच्या कानाला एक भोक, मेदूवड्याला एक भोक, म्हणून दोन्ही एकच! इडली मात्र त्याला वेगळी वाटते, ती बशीच्या पंक्तीतली. या शास्त्रातही वर्ग पाडतात, पण ते गुणधर्म तपासून, जन्म विचारून नव्हे.

उपयोगाचे काय?

आता मावशींच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेला पैसे संपतात, त्या घराने "उपयोग काय?" विचारायचे नाही, तर कुणी विचारायचे?

पहिले उत्तर व्यवहाराचे. रामानुजन यांना केंब्रिजला बोलावून घेणारे प्राध्यापक हार्डी यांनी १९४० साली एक पुस्तक लिहिले. आपल्या गणिताचा जगाला काडीचा उपयोग नाही, याचा त्यांना जवळजवळ अभिमानच होता. त्यांचा आवडता विषय म्हणजे संख्या, त्यातही मूळ संख्या. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे महाकठीण. १९७७ मध्ये अमेरिकेत तिघा शास्त्रज्ञांनी याच अवघडपणातून निरोप गुप्त ठेवण्याची रीत बसवली. आज मोबाईल व संगणकावरच्या पैशांच्या व्यवहारांना जे कुलूप असते, ते अशाच शुद्ध गणितातून घडवलेले आहे. उपयोग आला, पण तो 'उपयोग काय' हे न विचारणाऱ्यांच्या कामातून आला.

नोकरीचेही सांगतो. गणितात एम.एस्सी. झालेल्याला नेट-सेट देऊन प्राध्यापकी, संशोधन, बँक, विमा, संगणक, सगळी दारे उघडी असतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, चेन्नईची गणित संस्था, ही नावे आपल्या मुलांच्या कानावर बारावीच्या आधी पडली पाहिजेत. आय.आय.टी.त फक्त इंजिनीअर होतात असे नाही. 'जॅम' परीक्षा देऊन तिथे गणितात एम.एस्सी. करता येते. अर्जांच्या आणि शिष्यवृत्तीच्या तारखा मात्र वेळेवर विचारा.

दुसरे उत्तर मला जास्त महत्त्वाचे वाटते. बाबासाहेबांनी कामाच्या डोंगरातून वेळ काढून पाली भाषेचा शब्दकोश तयार केला, व्हायोलिन शिकायला घेतले. त्याचा पगार त्यांना कोण देणार होते? आपल्या बापजाद्यांना ज्ञान नाकारले गेले, त्याबरोबर ज्ञानाची मौजही नाकारली गेली. शिक्षण म्हणजे पोटाची सोय, हे आपण मिळवले आणि ते मोठेच आहे. पण विनाकारण विचार करण्याचा आनंद फक्त पोट भरलेल्यांच्या मुलांनी घ्यायचा, असे कुठे लिहिले आहे?

आणि बौद्धांना तर हे परके नाहीच. 'ललितविस्तर' या ग्रंथात गणितज्ञ अर्जुन तरुण सिद्धार्थाची परीक्षा घेतो आणि सिद्धार्थ कोटीच्या पुढच्या संख्यांची नावे सांगत जातो. शंभरपटीने चढत तो 'तल्लक्षण' या संख्येपर्यंत पोचतो, म्हणजे एकावर ५३ शून्ये! हे काव्य आहे, इतिहास नव्हे. पण आपल्या पूर्वजांनी महामानवाचे थोरपण सांगताना संख्यांचा खेळ निवडला, हे ध्यानात घ्यावे. कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. शुद्ध गणिताच्या वर्गात हाच रिवाज आहे. पायरी चुकली असेल तर पहिल्या वर्षाची मुलगी उभी राहून प्राध्यापकांना "सर, हे बरोबर नाही" म्हणू शकते, आणि सरांना पुसावे लागते. तिचे आडनाव तिथे कामाला येत नाही आणि आडही येत नाही.

म्हणून माझे कार्यकर्त्यांना सांगणे आहे की अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची पुस्तके असू द्याच, पण एक फळा नुसत्या कोड्यांसाठी ठेवा. आमच्याकडे आता आठवड्याला एक कोडे लागते. त्या फळ्याशी पोरांपेक्षा मोठ्यांचीच गर्दी असते.

आजोबांचे सांगून थांबतो. चौथीत शाळा सुटलेला हा माणूस. तीन आठवड्यांनी ते वहीचे पान घेऊन आले. तीन अंकी संख्या घेऊन तोच वजाबाकीचा खेळ त्यांनी घरी एकट्याने केला होता, पानभर! "पोरी, इथंही एकच संख्या येते."

"कुठली आजोबा?" आम्ही विचारले.

"ते नाही सांगणार. पोरांनी काढावी." मग चष्मा पुसत ते भाचीला म्हणाले, "पण का येते गं ती?"

'उपयोग काय' विचारणारे आजोबा आता 'का' विचारत होते! वाचकहो, आज रात्री जेवणे झाली की मुलांना जवळ घ्या, कागद-पेन्सिल काढा आणि तीन अंकी संख्येचा हा खेळ करून पाहा. संख्या तर सापडेलच. 'का' सापडते का, तेही पाहा.

जयभीम!